डंबेलच्या पोटातली वाट

जिममध्ये त्याला तोंडावर सगळे 'सर' म्हणत आणि पाठीमागे 'डोंगर'. नाव अगदी शोभून दिसणारं होतं. दारातून आत येताना तो खांदे तिरके करायचा, खुर्चीवर बसण्याआधी तिचे पाय चाचपून बघायचा, आणि शिंकला की भिंतीवरचे आरसे थरथरायचे. हे शेवटचं त्याची बायको सांगते, आणि ती जरा वाढवूनच सांगते. माणूस मात्र मनाने मऊ. कोणी काटकुळा पहिल्याच दिवशी दारात संकोचून उभा राहिला की डोंगराला भरून यायचं. "काही काळजी करू नकोस," तो म्हणायचा, "खा, उचल, झोप. बाकीचं माझ्यावर सोड." जगातल्या बहुतेक दुःखांवर त्याच्याकडे हे एकच औषध होतं, आणि खरं सांगायचं तर बहुतेकांना ते लागूही पडायचं.

म्हणूनच ते पिल्लू त्याच्या नजरेत भरलं. जिमला येणाऱ्या बेकरीवाल्याच्या कुत्रीला पिल्लं झाली होती. गुबगुबीत होती ती लोकांनी हातोहात नेली. मागे उरलं एक, सगळ्यांत लहान, पोटापेक्षा डोकं मोठं आणि शेपूट म्हणजे नुसती सुतळी. डोंगराने ते तळहातावर घेतलं आणि तिथल्या तिथे जाहीर केलं, "याला मी घडवणार." पिल्लाचं नाव ठेवलं डंबेल.

"अहो, हा कसला डंबेल," बायको म्हणाली, "हा तर डंबेलचा स्क्रू."

ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. दिवसभर लोकांच्या नाकावर काचा बसवून 'आता दिसतंय का? आणि आता?' असं विचारण्यात तिचा जन्म चालला होता. त्यामुळे समोरच्याला काय दिसत नाही हे तिला लवकर कळायचं. फक्त नवऱ्याला ते सांगायचं कसं, एवढंच जमायचं नाही.

डंबेलचा खुराक सुरू झाला. उकडलेल्या अंड्यांचा पांढरा भाग, उकडलेलं चिकन, आणि वर फळीवरच्या मोठ्या डब्यातली प्रोटीनची पावडर पाण्यात घुसळून. डंबेल खायचा, बोट चाटायचा. बाकीचे सदस्य कौतुकाने बघत राहायचे, कारण त्यांतल्या बऱ्याच जणांना स्वतःला एवढ्या मायेने कोणी भरवलं नव्हतं. पण अंगावर मूठभर मांस चढेल तर शपथ! बेकरीवाल्याची बाकीची पिल्लं गुडघ्याएवढी झाली, दारादारांत भुंकायला लागली, आणि डंबेलच्या बरगड्या अजून लांबून मोजता येत होत्या.

शिवाय त्याचे काही विचित्र चाळे सुरू झाले होते. मध्येच उठून तो आरशापाशी जायचा, कपाळ काचेला टेकवायचा आणि तसाच उभा राहायचा. हलायचाही नाही. लोक खदाखदा हसायचे. "सरांवर गेलाय," वकील म्हणायचे, "आरशासमोरून हटत नाही." हे वकील म्हणजे जिमचे सर्वज्ञ. व्यायाम कमी आणि सल्ला जास्त, तोही फुकट. कधी डंबेल बाकाभोवती गोल गोल फिरत राहायचा, थांबवला तरी पुन्हा त्याच बाजूने. कधी वजनं ठेवायच्या घोड्यावर जाऊन आदळायचा, जणू तो तिथे नाहीच. तोंडातून लाळेची तार लोंबायची. मग थोड्या वेळाने सगळं ओसरायचं आणि तो पुन्हा लोकांच्या बुटांच्या नाड्या ओढायला तयार.

एके दिवशी दुपारी मात्र तो चालता चालता आडवा झाला. पाय सायकल मारल्यासारखे हलायला लागले, जबडा चावत सुटला, तोंडाला फेस आला. हातातली वजनं टाकून सगळे धावले आणि जवळ येऊन जागच्या जागी थिजले.

"पिसाळलंय!" वकील बाकावर चढून ओरडले. "मागे व्हा! कोणी हात लावू नका!"

डोंगराने टॉवेल टाकून त्याला उचललं आणि छातीशी धरलं. छातीवर ते एवढंसं अंग असं थडथडत होतं की डोंगराने त्याला आणखी घट्ट धरलं. हळूहळू थडथड थांबली. डंबेलने डोळे उघडले, पण त्या डोळ्यांत कोणी नव्हतं. संध्याकाळभर तो झोपून राहिला, कशाला तोंड लावलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठला तो थेट डोंगराची चप्पल घेऊन पळाला.

"बघितलंस?" डोंगर बायकोला म्हणाला. "नुसता अशक्तपणा. आजपासून खुराक दुप्पट."

आणि खुराक दुप्पट झाला. आपला डोंगर बिचारा हे सगळं प्रेमापोटी करत होता, याबद्दल कोणाला शंका नसावी. दुसरा झटका लगेच आला, आणि पहिल्यापेक्षा मोठा आला. तेव्हा कुठे त्याने हात टेकले आणि जनावरांच्या डॉक्टरला फोन केला.

"उद्या रिकाम्या पोटी आणा," पलीकडून आवाज आला.

डॉक्टरीणबाई म्हणजे एवढीशी मूर्ती. डोंगराने तिला पाहिलं आणि सवयीने त्याच्या मनात पहिला विचार आला तो हाच, की हिला प्रोटीन कमी पडतंय. खोलीही तिच्या मापाची होती. स्टीलचं टेबल, त्यावर रबराची चटई, लशींचा छोटा फ्रिज, कापसाची बरणी. बायको दुकानातून अर्धा दिवस रजा काढून आली होती. डोंगराच्या खांद्यावर पिशवी होती आणि पिशवीत डंबेलचा डबा, कारण तपासणी संपली की पोराला भूक लागणार.

डॉक्टरीणबाईंनी आधी डंबेलला काही केलंच नाही. टेबलावर सोडला आणि नुसत्या बघत राहिल्या. मग एका पंजाची बोटं दुमडून तो चटईवर उलटा ठेवला. डंबेल तसाच उभा राहिला. क्षणभराने त्याच्या लक्षात आलं आणि त्याने पंजा सरळ केला.

"हे बघितलंत?" त्या म्हणाल्या. "निरोगी पिल्लू असं एक क्षणही उभं राहत नाही. पाय कुठे आहे याची बातमी मेंदूला पोचते आणि तिथून हुकूम येतो, सरळ कर. याच्याकडे बातमी उशिरा पोचतेय."

त्यांनी चारही पंजे तसेच करून पाहिले. डोळ्यांत बॅटरी मारली. बरणीतला कापसाचा बोळा डंबेलच्या नाकासमोरून सोडला, तो आवाज न करता खाली पडला, आणि डंबेलची नजर त्याच्यामागे गेली की नाही ते पाहिलं. बोटांच्या टोकांनी टाळू चाचपली, मणक्यावरून एकेक पेर दाबत गेल्या. डोंगर बघत राहिला. माणसाचं शरीर म्हणजे आपला हातखंडा असं त्याला वाटायचं. कोणता स्नायू कुठून निघतो आणि कुठे चिकटतो हे तो अंधारातही सांगू शकला असता. पण ही बाई कापसाच्या बोळ्याने मेंदू तपासत होती. असंही असतं, हे त्याला आजवर माहीत नव्हतं.

"पिसाळलं तर नाही ना?" त्याने शेवटी विचारलंच. वकिलांचा ओरडा त्याच्या कानात बसला होता.

"कोणी चावलंय? आई पिसाळली? कुठे बाहेर एकटं सोडलं होतं?"

"छे! आई बेकरीत आहे. पाव खातेय."

"मग शक्यता फार कमी. शिवाय पिसाळलेलं बरं होऊन चप्पल पळवत नाही. ते दिवसेंदिवस बिघडतच जातं. तरी मी हातमोजे घातलेत, पाहिलंत ना?" त्या हसल्या आणि पुढे बोलू लागल्या, अर्ध्या त्याच्याशी, अर्ध्या स्वतःशी. "कुत्र्यांचा डिस्टेंपर रोग असता तर ताप, नाकाडोळ्यांतून घाण, खोकला, पायांचे तळवे कडक. तसं काही नाही, आणि लसही झालीय. डोक्यात पाणी साठलेलं असतं तर टाळू उघडी लागली असती. कानाचा आजार असता तर मान एका बाजूला कलली असती. वजन-बिजन डोक्यात पडलं नाही ना?"

"माझ्या जिममध्ये?" डोंगर दुखावला. "तिथे वजन पडत नाही, ठेवलं जातं."

"मार किंवा गाठ असती तर बहुतेक एक बाजू जास्त बिघडली असती. याच्या दोन्ही बाजू सारख्याच मंद आहेत. उंदराचं औषध, फरशी धुवायचं काही, रंगाचे पोपडे, यातलं काही पोटात गेलं असेल का?"

"काही नाही. मी त्याला डोळ्यांआड होऊ देत नाही."

"साखर कमी झाली की लहान पिल्लांना झटके येतात. पण आता रिकामं पोट आहे, आत्ता ती कमी दिसायला हवी." त्यांनी कानाच्या कडेला बारीक टोचून थेंब घेतला, यंत्रावर लावला. "थोडी कमी आहे, पण एवढ्यावरून झटका यायचा नाही. आणि अपस्मार आहे म्हणावं तर त्यात दोन झटक्यांच्या मधे पिल्लू अगदी नॉर्मल असतं. हे आरशाला डोकं टेकवून उभं राहत नसतं." त्या थांबल्या. डंबेलच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी थोडा विचार केला. "मला वाटतं, याचा मेंदू बिघडलेला नाही. कोणीतरी त्याला रोज बिघडवतंय आणि मग सोडून देतंय. हे सगळं होतं केव्हा?"

"केव्हाही," डोंगर म्हणाला.

"केव्हाही नाही," बायको म्हणाली. खोलीत आल्यापासून ती पहिल्यांदा बोलली. "सकाळी तो ठणठणीत असतो, डॉक्टर. उपाशी राहिला की दुसऱ्या दिवशी तर अगदी हुशार. हे भरवतात, आणि मग..." तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि वाक्य तिथेच सोडलं.

डॉक्टरीणबाईंची नजर खांद्यावरच्या पिशवीकडे गेली. "त्यात काय आहे?"

डोंगराने डबा उघडला. अंडी, चिकन, बाटलीत घुसळलेली पावडर. डॉक्टरीणबाईंनी ते सगळं नीट पाहिलं. रागावल्या नाहीत. त्यांनी आधी डंबेलचं रक्त काढून घेतलं, मग डब्यातला एक चमचाभर घास त्याला दिला आणि म्हणाल्या, "आता बसू या."

तिघं बसली. खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं. डंबेलने जिभल्या चाटल्या, खोलीची पाहणी केली, बायकोच्या पर्सचा पट्टा चावून पाहिला. डोंगर मनातल्या मनात आशा करू लागला की यावेळी काही होणार नाही, बायकोचं चुकलं असेल. बराच वेळ काहीच झालं नाही. मग डंबेल उठला. पट्टा तोंडातून सुटला ते त्याला कळलंही नाही. सावकाश, कोणी बोलावल्यासारखा, तो कोपऱ्यात गेला आणि त्याने भिंतीला कपाळ टेकवलं. तोंडातून लाळेची तार लोंबायला लागली.

डॉक्टरीणबाईंनी उठून त्याला अलगद उचललं आणि दुसऱ्यांदा रक्त घेतलं. डोंगर स्वतःच्या हातांकडे बघत होता.

"मीच," तो म्हणाला. "म्हणजे मीच त्याला रोज..."

"तुम्ही त्याला जेवू घातलंत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गुन्हा जेवणाचाही नाही. जेवण आत जातं कोणत्या वाटेने, ते बघू या. चला, सोनोग्राफी."

शेजारची खोली अंधारी केलेली होती. डंबेलच्या पोटावरचे केस काढले, थंड जेल लावलं, आणि पडद्यावर करडं धुकं हलायला लागलं. डोंगराला त्यात काही कळेना. मग डॉक्टरीणबाईंनी एक बटण दाबलं आणि धुक्यात रंग उमटले, लाल आणि निळे, ठोक्यासरशी उजळणारे. वाहत होतं ते रक्त. त्या एवढ्याशा पोटात, जे डोंगराच्या मुठीत मावलं असतं, नद्या वाहत होत्या.

"जेवण पचलं की आतड्यांतलं सगळं रक्त आधी लिव्हरकडे जातं," त्या पडद्यावर बोट ठेवून सांगू लागल्या. "प्रोटीन पचताना अमोनिया तयार होतो. लिव्हर तो साफ करतं आणि मग रक्त पुढे सोडतं. अमोनिया माहितीय ना?"

माहीत होता. त्याच्या जिममध्ये छोटी बाटली होती. भारी वजन उचलण्याआधी पैलवान ती नाकाशी धरतात, आणि एका हुंगण्यात डोक्यात वीज चमकून जाते, डोळ्यांत पाणी येतं. डोंगराने स्वतः कितीदा हुंगली होती.

"तोच याच्या मेंदूत जातो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हुंगून नाही, रक्तातून. प्रत्येक जेवणानंतर. कारण रक्त लिव्हरमधून जातच नाहीय. हे बघा." लाल-निळ्याचा एक जाड लोंढा लिव्हरच्या काठाने वळसा घालून सरळ पलीकडच्या मोठ्या नसेत शिरत होता. "ही वाट बंद असायला हवी होती. ती उघडी आहे. सगळं रक्त तिकडून पळतंय आणि लिव्हर उपाशी बसलंय. म्हणून ते एवढंसं राहिलंय. आणि म्हणून पिल्लूही."

"ही वाट आली कुठून?"

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावरची नजर काढली नाही. "ती सगळ्यांना असते. पोटात असताना पिल्लाचं रक्त आईच साफ करते. तिचं लिव्हर दोघांचं काम करतं. मग पिल्लाच्या लिव्हरला वळसा घालून जाणारी ही वाट लागते. जन्मलं, पहिला श्वास घेतला, आईशी जोडलेली नाळ तुटली, की आता ही वाट नको. मग काही दिवसांत ती आपली आपण मिटते. कोणी मिटवत नाही. याची मिटली नाही, एवढंच."

"सगळ्यांना म्हणजे... माणसांनाही?"

"माणसांनाही. तुम्हालाही होती. मिटल्यावर तिची एक बारीक दोरी उरते. ती अजून आहे तुमच्या पोटात."

डोंगराचा हात नकळत स्वतःच्या बरगड्यांखाली गेला. हे शरीर त्याने वर्षानुवर्षं आरशात पाहिलं होतं. त्यातला इंच न् इंच आपण कमावलाय असं तो मानायचा. आणि त्या शरीरात, तो तान्हा असताना, एक दार आपलं आपण लागलं होतं, न सांगता, न शिकवता, अगदी वेळेवर. ते लागलं नसतं तर तोही असाच कुठेतरी भिंतीला डोकं टेकून उभा राहिला असता. आणि त्याला त्याची खबरही नव्हती! त्याने बायकोकडे पाहिलं. तिचाही हात पोटावर होता. जगात जेवढी म्हणून माणसं आत्ता रस्त्याने चालली होती, तेवढ्या सगळ्यांची ती वाट अशीच आपली आपण मिटली होती.

रक्ताच्या तपासणीने तेच सांगितलं. औषधं सुरू झाली. त्यांत एक गोड सिरप होतं, जे आतड्यातच अमोनिया अडवून बाहेर काढायचं. खुराक बदलला. भात, थोडं दही, उकडलेला भोपळा. ज्या हाताने डोंगर लोकांच्या ताटातला भात काढून टाकायचा, त्याच हाताने तो आता भात मऊ कालवत होता. जिममध्ये याची चर्चा झाल्याशिवाय कशी राहणार? "आता आम्हालाही मिळेल का भात?" बेकरीवाल्याने विचारलं. डोंगराने नुसतं पाहिलं आणि बेकरीवाला मुकाट्याने पाठीच्या व्यायामाला लागला.

पण भाताने वाट मिटत नव्हती. ती मिटवायला ऑपरेशन हवं होतं, आणि डॉक्टरीणबाईंनी काही लपवून ठेवलं नाही. "टेबलावर जाऊ शकतो," त्या म्हणाल्या. "नंतरही झटके येऊन जाऊ शकतो. ते येऊ नयेत म्हणून औषध देतोच आहोत, तरी. आणि केलं नाही तर अशीच थोडी वर्षं, कदाचित तीही नाही."

"नस बांधून टाका ना," डोंगर म्हणाला. "दोरा आवळला की काम झालं."

"आणि सगळं रक्त एकदम लिव्हरवर सोडू? ज्या लिव्हरने आजवर ते पाहिलंच नाही? तुमच्याकडे पहिल्या दिवशी आलेल्या माणसाच्या खांद्यावर तुम्ही तुमचं सगळ्यात मोठं वजन ठेवता का?"

डोंगर ओशाळला. "मरेल ना तो."

"हाही मरेल. म्हणून आपण हे घालणार." त्यांनी एक छोटी डबी उघडली. आत एक कडी होती, अंगठीपेक्षा लहान, एका बाजूला फट असलेली. बाहेरून स्टील, आतून फिकट पिवळसर. "ही नसेभोवती बसवायची. आतला थर अंगातलं पाणी शोषतो आणि फुगतो. बाहेर स्टील आहे, म्हणून त्याला आतच फुगावं लागतं. नस थोडी थोडी दबत जाते, आणि कडीभोवती शरीरही आपला पडदा विणतं. काही आठवड्यांनी वाट बंद. लिव्हरला कळतही नाही आपल्यावर भार कधी आला ते."

"हा आतला थर कसला?"

"केसीन."

डोंगराने मान वर केली. "कसला?"

"केसीन. दुधातलं प्रोटीन. वाळवून, दाबून दगडासारखं केलेलं."

त्याच्या जिममध्ये फळीवर त्या नावाचा डबा होता. केवढा तरी मोठा, वर चमकदार अक्षरं, दंड फुगवलेल्या माणसाचं चित्र. त्यातल्याच पावडरीने त्याने या पोराला मरणाच्या दारात नेलं होतं, आणि आता तीच चीज चिमूटभर, कडीच्या आत गुपचूप बसून, त्याला तिथून परत आणणार होती. डोंगराला हसू आलं, पण ते टिकलं नाही. बायकोने त्याच्या पाठीवर हात ठेवला, जेवढा पोचला तेवढा.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी तो बाहेरच्या बाकावर बसला तो उठलाच नाही. वकील आले होते, बेकरीवाला आला होता. वकिलांनी दोनतीनदा तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं, जी त्यांच्या आयुष्यात मोठीच गोष्ट होती. दार उघडलं तेव्हा डॉक्टरीणबाईंच्या कपाळावर टोपीचा वळ होता. "कडी बसली," त्या म्हणाल्या. "आता आपलं काम संपलं."

आणि डोंगराची खरी परीक्षा तिथून सुरू झाली. टाके सुकले, केस उगवायला लागले, पण आत काय चाललंय ते काही दिसेना. त्याला आयुष्यभर एकच भाषा येत होती: 'अजून एक! सोडू नकोस! शाब्बास!' आता कोणाला ओरडून सांगणार? कडीला? ती आपल्या गतीने फुगत होती. एका दुपारी डंबेलचा कान फडफडायला लागला, मग गाल, आणि डोंगराचा जीव टांगणीला लागला. त्याला उचलून तो धावत डॉक्टरीणबाईंकडे गेला. औषध थोडं वाढवलं, फडफड थांबली, पण त्या दिवसापासून तो पिल्लाशेजारी चटई टाकूनच बसायला लागला. जिममधली माणसं तिथून जाताना वजनं आवाज न करता ठेवायची. वकील रोज यायचे आणि हवापाण्याची चौकशी करावी तसे विचारायचे, "मिटली का हो वाट?" डोंगर सांगायचा, "मिटत असेल." एवढी लीन भाषा त्याच्या तोंडी कोणी कधी ऐकली नव्हती.

"तुम्ही बदललात," बायको एकदा म्हणाली.

"मला भीती वाटते," तो म्हणाला. "मी काही करत नाहीय आणि सगळं चाललंय, याचीच भीती वाटते."

ठरलेल्या दिवशी ते दोघं डंबेलला घेऊन पुन्हा त्या अंधाऱ्या खोलीत गेले. थंड जेल, करडं धुकं. डॉक्टरीणबाईंचा हात फिरतोय, थांबतोय, पुन्हा मागे जातोय. डोंगर पडद्याकडे बघायचा आणि मग त्यांच्या चेहऱ्याकडे, आणि दोन्हींतून त्याला काही कळायचं नाही.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"थांबा. मोजतेय." त्यांनी बटण दाबलं. रंग उमटले. पण जिथे तो जाड लोंढा पलीकडे पळत होता तिथे आता काहीच नव्हतं, नुसतं काळं. आणि लाल-निळं सगळं आत शिरत होतं, फाट्याफाट्याने पसरत होतं, जिथे पूर्वी अंधार होता तिथे आता ठोक्याठोक्याला उजळत होतं. डॉक्टरीणबाईंनी एक आकडा वाचला, पुन्हा मोजला, पुन्हा वाचला.

"वाट बंद झालीय," त्या म्हणाल्या. आणि मग, जरा वेगळ्या आवाजात, "आणि हे लिव्हर बघा. वाढलंय. जवळजवळ जेवढं हवं तेवढं झालंय."

"एवढ्यात?" डोंगर पडद्याजवळ वाकला. "पण त्याला वाढवलं कोणी? मी तर काही... भातावर होता तो."

"कोणी नाही. रक्त पोचलं, आणि ते वाढलं. रोज, थोडं थोडं. तुम्ही चटईवर बसला होतात तेव्हासुद्धा."

टेबलावर डंबेल उताणा पडला होता, पाय पसरून, पोट जेलने ओलं, आणि पुढच्या पायाने डॉक्टरीणबाईंची बाही ओढत होता. त्या पातळ कातडीच्या आत, कोणाच्या हुकुमाशिवाय, कोणाच्या शाबासकीशिवाय, एवढं मोठं काम झालं होतं. डोंगराच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि त्याने ते पुसलं नाही.

"अजून वाढेल?" त्याने विचारलं, शेजारी कोणी झोपलं असावं इतक्या हळू.

"वाढेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फक्त मध्ये येऊ नका."

डोंगराने मान हलवली, आणि तो टेबलापासून एक पाऊल मागे सरला.